पुढच्या सीटवरचा पाहुणा

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्याच असतात, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हैदराबादचा मे महिना भरदुपारी पाहिलेला नाही.

ही गोष्ट दुपारची आहे. साडेतीनची.

आणि खरी आहे. मी शपथा घेत नाही, कारण शपथा घेणाऱ्यांवर माझाच विश्वास बसत नाही. एवढंच सांगतो, की ज्याच्यावर हे गुदरलं तो युवराज माझा सख्खा मावसभाऊ आहे. तारनाक्याला राहतो. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरलोय. थाप मारली की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना ते लाल झाले नव्हते. पांढरे पडले होते.

शहरापासून तासाभरावर एक लहानसा विमानतळ आहे. नाव सांगणार नाही, तिथे अजून माणसं नोकरी करतात. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, एक कचेरी आणि तिच्यासमोर विमानं उभी करायची काँक्रीटची फरशी. मोठी विमानं तिथे येत नाहीत. विमान चालवायला शिकणारी पोरं असतात, आणि अधूनमधून बाहेरगावचे हौशी वैमानिक येतात. स्वतःचं दोन सीटांचं विमान घेऊन. कुणी लग्नाला, कुणी कामाला. आपण स्कूटर काढून जावं तसे.

अशा पाहुण्या वैमानिकाशी कसं वागायचं, याची तिथे एक रीत होती. ती उमाजीकाकांनी घालून दिलेली. उमाजीकाका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने हेल्पर, युवराजला काम शिकवलं ते त्यांनीच. विमान थांबलं की आधी चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, म्हणजे ते हलत नाही. मग दोर बांधायचे. मग माठातलं पाणी, मग चहा. आणि परत निघताना विमान सुरू होईपर्यंत कुणीतरी जवळ उभं राहायचं.

"पाहुणा आभाळात दिसंनासा झाला, की मग आपलं काम संपलं बेटा," उमाजीकाका म्हणायचे. "त्याच्या अगोदर पाठ फिरवायची नक्को."

मग सुरेश साहेब मॅनेजर म्हणून आले.

माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा होता. आधीच्या ठिकाणी कुण्या हेल्परच्या हातून पाहुण्याच्या विमानाला पोचा पडला होता, आणि सहा महिने साहेब चौकशीला तोंड देत बसले होते. तेव्हापासून त्यांनी पाहुण्यांचा धसकाच घेतला. पाहुण्यांची खोली कुलपात गेली. चहा बंद झाला. नियम एकच... पाहुण्याच्या विमानाला आपल्या माणसाने हात लावायचा नाही.

२०२३ चा मे. अठरा तारीख.

सकाळी सोलापूरकडून एक पिवळं विमान आलं. त्यातून उतरले हर्षद नावाचे दातांचे डॉक्टर. पन्नाशीचे, बोलके. दिलसुखनगरला भाचीचा साखरपुडा होता, तो उरकून बारा वाजता परत आले. हातात आंब्यांची पेटी. विमानातल्या दोन सीटा एकापुढे एक होत्या. चालवणारा मागे बसायचा, पुढची सीट रिकामी. तिथे त्यांनी ती पेटी ठेवली आणि तिला पट्टा लावला, जसं काही माणूसच बसवलाय.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे विमान जुन्या पद्धतीचं होतं. किल्लीने सुरू होत नव्हतं. नाकावरचा पंखा हाताने ओढून फिरवावा लागायचा. त्याला माणसं दोन लागतात. एक जण आत बसून ब्रेक दाबून धरतो, दुसरा बाहेर पंख्यापाशी उभा राहतो. बाहेरचा विचारतो, "स्विच ऑफ?" आतला स्विच बघून सांगतो, "ऑफ." मग बाहेरचा पंखा तीन-चार वेळा नुसता फिरवतो, इंजिनात पेट्रोल चढावं म्हणून. स्विच बंद असला तर पंखा म्हणजे नुसती फळी. नंतर "स्विच ऑन", एक जोराचा ओढा, आणि लगेच मागे व्हायचं.

आतल्याच्या त्या एका शब्दावर बाहेरच्याचा जीव असतो.

साहेबांनी डॉक्टरांना साडेतीन तास बसवलं. कुठल्याशा फॉर्मवर एक सही कमी होती. खोलीला कुलूप, बाहेर बाकावर ऊन. उमाजीकाकांनी साहेबांची नजर चुकवून दोनदा पाणी नेऊन दिलं.

साडेतीनला सही झाली. डॉक्टर घाईने उठले. त्या विमानाला दिवे नव्हते, अंधार पडायच्या आत सोलापूर गाठायलाच हवं होतं.

फरशीवर युवराज एकटाच होता.

"भाऊ, नाव काय तुमचं?"

"युवराज."

"युवराज, दोन मिनिटं आत बसता का? नुसता ब्रेक दाबून धरा. पंखा मी फिरवतो."

युवराजने हो म्हटलं. एक पाय वर ठेवलाही होता. तेवढ्यात कचेरीच्या पायरीवरून साहेबांचा आवाज आला.

"युवराज, खाली उतर. आणि आपले ठोकळे काढून आण, ट्रेनिंगचं विमान येतंय."

त्या महिन्यात युवराजला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला होता. दोन मिनिटांनी असं काय बिघडणार होतं, हे त्याच्याही मनात आलं. पण तो उतरला. चाकांखालचे ठोकळे काढले. उन्हाने लाल झालेल्या डोळ्यांनी डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि हँगरच्या कडेच्या दोन विटा आणून चाकांना लावल्या.

युवराज वीसएक पावलं गेला असेल. मागून आवाज आला.

"स्विच ऑफ?"

आणि मग त्याच आवाजात...

"ऑफ."

स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं. सवय. युवराज सांगतो, त्याला जरासं हसू आलं. ते हसू आजही त्याला खातं.

फट्...

फट्...

मग एकदम इंजिन पेटलं. पूर्ण जोरात. विटा फुटल्याचा आवाज झाला, आणि हँगरकडून उमाजीकाकांची किंकाळी.

युवराज वळला तेव्हा विमान उसळून पुढे आलेलं होतं, आणि डॉक्टर विमानाच्या दाराकडे धावत होते. आत हात घालून ते बंद करायला. विमानाने गिरकी घेतली. पंख्याचा पहिला फटका खांद्यावर बसला आणि हात वेगळा झाला. दुसरा मानेवर बसला. त्यानंतर मारण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पण पंखा थांबत नसतो. तो फिरतच राहिला. विमान हँगरच्या खांबावर आदळलं तेव्हा कुठे थांबला.

आंबे फरशीभर फुटले होते. रस कुठला आणि रक्त कुठलं, ते ओळखू येत नव्हतं.

युवराज दोन्ही हातांत ठोकळे धरून तसाच उभा होता.

चौकशी झाली. स्विच चालूच राहिला होता, वैमानिकाचा स्वतःचा निष्काळजीपणा, असं ठरलं. कागदावर ते खरंही होतं. पुढच्या महिन्यात युवराज नोकरीत कायम झाला. निशिगंधाने, म्हणजे त्याच्या बायकोने, आमच्याकडे पेढे आणले. मी खाल्ले. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सुरुवात डिसेंबरात झाली.

दुपारचे साडेतीन. युवराज फरशी झाडून घेत होता. अचानक त्याला वास आला...

पिकलेल्या आंब्यांचा.

डिसेंबरात. अख्ख्या हैदराबादेत औषधाला आंबा मिळणार नाही, तेव्हा.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. फरशी रिकामी होती. हँगरच्या छपरावर पारवे कायम घुमत असायचे. ते गप्प होते.

मग...

फट्...

हाताने पंखा ओढल्याचा आवाज. पण फरशीवर एकही विमान नव्हतं.

फट्...

त्यानंतर तो आवाज वरचेवर यायचा, दर वेळी जरा जवळून. आणि मग पुढचं काही यायचंच नाही. इंजिन पेटायचं नाही. नुसती वाट बघायला लावायचा.

जानेवारीत पाहुण्यांची दोन विमानं आली. एक सकाळी, एक दोन दिवसांनी. दोन्ही वेळा युवराजने साहेबांना न विचारता चाकांना ठोकळे लावले. दोन्ही वेळा साडेतीनच्या सुमाराला ते नाहीसे झाले. आणि सापडले कुठे? साहेबांच्या कचेरीच्या उंबऱ्यावर. चारही, एकाशेजारी एक, नीट मांडलेले.

साहेबांनी उमाजीकाकांना धरलं. म्हाताऱ्याची कॉलर पकडून सगळ्यांसमोर विचारलं, "मला घाबरवतोस?"

"मी नाही साब," उमाजीकाका म्हणाले. "ज्याच्या चाकाखालून काढून आणवले तुमी, त्याला पुछा."

साहेबांनी त्यांना भिंतीवर ढकललं. कपाळ फुटलं. त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं, ते कायमचंच.

जाताना काकांनी युवराजचा हात धरला. "बेटा, तो पाहुणा गेलाच नाही अजून. त्याला कुणी सोडायलाच आलं नव्हतं ना."

त्या दिवसापासून युवराजने मनाशी एक ठरवलं. आता असा जो कुणी पाहुणा येईल, त्याला आपण नीट रवाना करायचं. नोकरी गेली तरी चालेल. एका माणसाला त्या फरशीवरून जिवंत पाठवलं, तर आपल्याला पुन्हा आरशात बघता येईल. निशिगंधालाही त्याने हे सांगितलं. ती म्हणाली, "नोकरीचं बघू आपण. तुम्ही जेवायला तर लागा." कारण तोवर त्याचं जेवण तुटलं होतं.

२०२४ चा मे उजाडला.

केतकी नावाची मुलगी आली. पुण्याची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. वडिलांचं जुनं विमान घेऊन. पांढरं होतं, पण घडण तीच. दोन सीटा एकापुढे एक. पंखा हाताने फिरवायचा.

आणि साहेबांनी तिलाही बाकावर बसवलं. बारा ते साडेतीन.

"आमच्याकडे एक अपघात होऊन गेलाय, मॅडम," साहेब म्हणाले. "त्यामुळे आता नियम कडक आहेत."

हे ऐकून युवराजच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ज्यांच्यामुळे झालं, तेच त्याचं निमित्त सांगत होते.

साडेतीनला तिला कागद मिळाला. ती विमानाकडे आली आणि तिने युवराजला विचारलं, "दादा, मी आत बसून ब्रेक धरते. तुम्हाला पंखा फिरवता येतो?"

"हौ मॅडम. येतो."

त्याने चारही ठोकळे लावले. हलवून पाहिले. ती मागच्या सीटवर चढली. पुढची सीट रिकामी होती. त्याने काचेतून मुद्दाम पाहिलं. रिकामीच होती.

तो पंख्याच्या उजव्या अंगाला उभा राहिला. लाकडी पात्यावर दोन्ही हात ठेवले.

आणि पारवे गप्प झाले...

मग वास आला.

"युवराज!" साहेब कचेरीतून तरातरा येत होते. "मागे हो. ठोकळे काढ."

"नाही काढत, साहेब."

पाच वर्षांत त्याने पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

साहेबांनी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि ते स्वतःच आले. पंख्याच्या डाव्या अंगाने. चाकापुढे वाकले आणि ठोकळा ओढायला लागले. पहिला निघाला. त्यांचं डोकं पंख्याच्या दुसऱ्या पात्यापासून वीतभर अंतरावर होतं. स्विच बंद होता तोवर त्यात काही धोका नव्हता. ती नुसती फळी होती.

युवराजच्या तोंडून सवयीने शब्द गेले.

"स्विच ऑफ?"

विमानातून उत्तर आलं...

"ऑफ. फिरवा, युवराज."

युवराजने पातं ओढलं.

इंजिन पहिल्याच ओढ्याला पेटलं.

साहेबांना ओरडायला वेळच मिळाला नाही. पात्याने त्यांची कवटी कानाच्या वरून उचलून नेली. धड दोन्ही गुडघ्यांवर तसंच राहिलं, हातात ठोकळा धरलेला, आणि पंखा त्याच्यावर येत राहिला. खांदा, मग छाती. युवराज मागे फेकला गेला. त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, दातांवर गरम शिंतोडे उडाले. आत केतकी किंचाळत होती. ती हाताला येईल ते ओढत होती, दाबत होती, आणि इंजिन बंद होत नव्हतं.

मग ते आपोआप थांबलं.

फट्...

एकदाच. आणि शांत.

पारवे पुन्हा घुमायला लागले.

आता मी तुम्हाला केतकीने पोलिसांना दिलेली जबानी सांगतो. युवराजच्या समोरच दिली होती, म्हणून मला कळली.

ती म्हणाली, मी "ऑफ" म्हटलंच नव्हतं. मी अजून खांद्याचा पट्टा लावत होते. माझे पाय ब्रेकवर नव्हतेच. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. पण माझ्या समोरची सीट मागे दाबली गेली होती. कुणीतरी टेकून बसावं तशी.

मेकॅनिकने विमान तपासलं. स्विच बंदच होता. तारा शाबूत होत्या. तापलेलं इंजिन कधी स्विच बंद असतानाही पेटतं, पण हे सकाळपासून थंडच उभं होतं. अशा स्थितीत ते पेटायलाच नको. आणि दुसरी गोष्ट, एवढ्या जोरात इंजिन चालू असताना, एक ठोकळा निघालेला असताना, विमान एक इंचही पुढे का गेलं नाही?

ते मेकॅनिकलाच दिसलं. मागच्या सीटचे ब्रेक मोकळे होते. पुढच्या सीटचे दोन्ही ब्रेक तळापर्यंत दाबलेले होते. त्याने हाताने उचलून पाहिले, ते उठेनात. थोड्या वेळाने आपोआप वर आले. कुणीतरी पाय काढून घ्यावा तसे.

मुलीला ओरखडाही आला नाही. ती नामपल्लीहून आगगाडीने पुण्याला गेली. विमान न्यायला तिच्याकडून अजून कुणी आलेलं नाही.

चौकशीत "यांत्रिक दोष" असं लिहिलं. कागदाला काहीतरी लागतंच.

हे सगळं युवराजने मला त्याच्या घरी सांगितलं, पावसाळ्यात. निशिगंधा आत भाकऱ्या टाकत होती. मी ऐकून घेतलं. मी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मला कागदात न बसणारी ओळ लगेच खुपते. मला एक गोष्ट खुपत होती.

"युवराज," मी म्हणालो, "उत्तर बाईच्या आवाजात आलं की बाप्याच्या, एवढं तर तुला कळलं असेल."

"कळलं, दादा."

"मग हात मागे का नाही घेतलास? साहेब समोर वाकलेले दिसत नव्हते?"

"दिसत होते."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. युवराजने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं.

मग हळूच म्हणाला, "दादा, आवाज ओळखला म्हणूनच पंखा ओढला."

मी पुढे काही विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. निशिगंधाला सांगितलेलं नाही, पोलिसांना तर नाहीच. तो माझा भाऊ आहे. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून मला त्याच्या शेजारी बसायची भीती वाटते.

तो आता बरा आहे. चांगला जेवतो, गाढ झोपतो. दुसऱ्या एका लहान विमानतळावर लागलाय, आणि पाहुण्यांच्या विमानांचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलंय.

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता. भात कालवता कालवता सहज म्हणाला, "तिथला मॅनेजर पण पाहुण्यांना उन्हातच बसवतो, दादा."

आणि त्याने अजून थोडं वरण मागितलं.